प्लेट का पट्टा?

"या, बसा" असं निवृत्तीभाऊजी कुणाला म्हणायचेच नाहीत. दारात माणूस दिसला की पहिला सवाल, "प्लेट का पट्टा?" पारनेरात नवा आलेला पोस्टमन बिचारा म्हणाला, "प्लेटच द्या, पण तिखट कमी."

भाऊजी आमचे शेजारी. धंदा ट्रॅक्टर दुरुस्तीचा, पण त्या वर्षी नाद एकच. भंगारातल्या तीनचाकीचं इंजिन, जुन्या जीपची चाकं, शेजारी शेजारी दोन खुर्च्या, अशी डोंगर चढणारी उघडी गाडी त्यांनी जोडायला घेतली होती. तिला क्लचप्लेट आणि गियर लावायचे, का नुसता पट्टा, या विचारात ते घास हातात धरून पानावरून उठायचे.

"वहिनी, प्लेट लई इमानी. धरली की धरली. उतारावर इंजिनच गाडी आवरतं. पन डावा पाय सारखा कामाला. पट्ट्याला पायबी नको न् गियरबी नको, पुल्या आपोआप सांभाळून घेत्यात. पन भिजला की घसरतो."

अहो, मी ब्लाऊज शिवणारी बाई, मला कशाला हे? तरी एकदा समजावून सांगायला म्हणून माझ्या शिलाई मशीनचाच पट्टा काढून नेला! ऐन लग्नसराईत! परत आला तो ग्रीस माखून. तेव्हापासून गिरणीवालाही ते दिसले की दार ओढून घ्यायचा.

त्यांचा जीव मात्र प्लेटवर. रस्त्यानं जीप गेली की ओरडायचे, "पाय उचल!" ड्रायव्हर क्लचवर पाय ठेवून बसतात आणि प्लेट जळते, याचा त्यांना भारी राग. पंगतीत शेजारचा पाहुणा गुडघा हलवत होता, त्यालाही ऐकवलं, "पाय उचल, प्लेट जळंल!"

इंदूताई, त्यांची बायको, सरकारी नर्स. डोंगरावरच्या वाड्यांवर पोरांना डोस पाजायला, बाळंतिणींना बघायला एकट्या सायकलीनं जायच्या. एकदा घसरणीवर पडल्या आणि डावा गुडघा वाकेनासा झाला. साहेबांनी सांगितलं, दिवाळीपर्यंत वाड्यांवर जायला लागा, नाहीतर नगरच्या ऑफिसात टेबलावर बसा. भाऊजी म्हणाले, "मी नेतो की रोज." ताई उसळल्या, "तुमी न्यायचं, तुमी आनायचं, मी काय पोतं हाय?" मग बोलणंच बंद. सायकल तेवढी रोज पुसायच्या.

दिवाळी जवळ आली तसे भाऊजी जास्तच सैरभैर झाले. आज प्लेट बसवली, उद्या उतरवली. एक दिवस दुपारी घरामागच्या माळावर धाडकन आवाज झाला. मी पळत गेले. गाडी चढावरून मागं घरंगळत येऊन बाभळीत शिरलेली, आणि आत भाऊजी. डावा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत फळीला बांधलेला!

"भाऊजी, पाय मोडला का डोकं फिरलं?"

"मोडला न्हाई वहिनी, बांधलाय." ते अंगातले काटे काढत होते. "गुडघा न वाकवता क्लच दाबता येतो का, बघत हुतो. न्हाई येत." आवाज पार बसला होता. "पट्टाच लावावा लागंल."

मी खाली बसून त्यांच्या पायाची फळी सोडायला लागले.

मग पट्टा बसला. ओढ्याचं पाणी लागू नये म्हणून तेलाच्या डब्याचा पत्रा कापून त्यावर झाकण केलं. उतारासाठी ब्रेक दणकट घातला. दिवाळीच्या आधी एका सकाळी इंदूताई स्टिअरिंग धरून उजव्या खुर्चीत बसल्या, डावा पाय सरळ पसरून. भाऊजी शेजारी. आमच्या दारावरूनच चढ सुरू होतो. पट्टा कण्हायला लागला, गाडी मुंगीसारखी सरकू लागली, आणि भाऊजी डाव्या पायानं नसलेला क्लच दाबतायत, दाबतायत, घामानं निथळतायत.

ताईंनी तिकडं बघितलंही नाही. "अवो, पाय उचला."

भाऊजी निमूट मांडी घालून बसले. माथ्यावर गाडी थांबली. "उतरा आता," ताई म्हणाल्या, आणि एकट्या पुढं गेल्या.

पट्ट्याचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत ते वरच उभे होते. मग खाली आले आणि माझ्या ओट्यावर बसले. स्वस्थ बसलेले मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते.

"काय भाऊजी," मी विचारलं, "प्लेट का पट्टा?"

"पट्टा," म्हणाले, आणि ग्रीसच्या हातानं डोळे पुसून तोंड काळं करून घेतलं.