मावशींचा गळका नळ

मावशींच्या स्वयंपाकघरातला नळ गळू लागला, ही घटना तशी क्षुल्लक. पण पुढे तिने अख्ख्या पाणीपुरवठा खात्याची झोप उडवली, म्हणून ती सविस्तर सांगणं भाग आहे.

मावशी टेलिफोन ऑफिसातून ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेल्या. हयातभर त्यांनी या माणसाचं बोलणं त्या माणसाशी जोडून दिलं. आता नवरा देवाघरी आणि मुलगी कायम मीटिंगमध्ये. घरचा फोन वाजलाच तर राँग नंबर असे, आणि मावशी त्यालाही "जेवलात का?" म्हणून विचारीत.

खात्याचा नळवाला आला. त्याने वायसर बदललं, चहा घेतला आणि मेहुण्याने भर लग्नात आपला कसा अपमान केला, तेही सांगून टाकलं. मावशींनी त्या मेहुण्याला दोन सणसणीत शिव्या हासडल्या. नळवाला खूश झाला. त्याच्या बाजूने आजवर घरचंसुद्धा कुणी बोललं नव्हतं.

संध्याकाळी खात्यातून फोन. "आपल्या तक्रारीचं समाधान झालं का?"

मावशींच्या तोंडून निघून गेलं, "नाही हो."

नियम साधा होता. समाधान नाही, तर माणूस पुन्हा पाठवायचा. मग तो येतच राहिला. पत्त्यांचे डाव रंगू लागले. मावशी बिनदिक्कत लबाडी करीत आणि तो रडीचा डाव खेळे. निघताना तो नळ हळूच सैल करून ठेवी. मावशी नेमक्या त्याच वेळी खिडकीबाहेर बघत.

खात्याला मात्र घाम फुटला. एवढासा नळ, आणि दुरुस्त होईना म्हणजे काय! तज्ज्ञांचं पथक आलं. त्यांनी भिंत फोडली, फरशी उखडली आणि 'नळ वगळता घरातील सर्व काही सदोष' असा निष्कर्ष काढला. ठपका अर्थातच नळवाल्यावर आला.

"मावशी, आता एकदा जरी 'नाही' म्हणालात ना, तर मला घरी बसवणार म्हणे."

"अरे मेल्या, मग आल्या आल्या बोलायला काय झालं होतं?"

"डाव अर्ध्यावर होता ना!"

मावशी तडक मोठ्या साहेबांकडे गेल्या. "साहेब, त्या नळाला काही धाड भरलेली नाही. मला एकटं वाटतं. हा येतो, चार शब्द बोलतो, बरं वाटतं. एवढंच."

साहेब गहिवरले. गहिवर ओसरल्यावर त्यांना नियम आठवला. "बाई, एकटेपणा आमच्याकडे गळतीत मोडत नाही. आणि कर्मचाऱ्याने ग्राहकाशी मैत्री करणं म्हणजे लाच. त्याने चहा घेतलाय का?"

"घेतलाय की! साखर जास्त लागते त्याला."

"अरेरे. हे तुम्ही बोलायला नको होतं."

नळवाल्याची नोकरी वाचली, पण मावशींच्या गल्लीत पाऊल टाकायचं नाही, या अटीवर. मावशींसाठी साहेबांनी एकटेपणा निवारण कक्षातून एक अधिकृत मित्र मंजूर करून आणला. तो खुर्चीच्या कडेवर टेकला आणि घड्याळाकडे बघत म्हणाला, "बोला, अगदी मोकळ्या मनाने बोला. फक्त जरा आटोपशीर."

संध्याकाळी फोन. "आपल्या एकटेपणाचं समाधान झालं का?"

नाही म्हणावं, तर त्या बिचाऱ्या अधिकृत मित्राच्या पोटावर पाय. मावशी म्हणाल्या, "झालं बाई. पुरेपूर झालं." त्या क्षणापासून मावशी अधिकृतपणे एकट्या उरल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच नळ थोडा सोडून ठेवला. टप्, टप्, टप्. तज्ज्ञांनी फोडलेली भिंत अजून तशीच होती, त्यामुळे आवाज पलीकडे जाणारच. भांडायला का होईना, शेजारचं कुणीतरी दार वाजवील, असा त्यांचा हिशेब. त्यांनी दोन कप काढून ठेवले.

पलीकडे तुम्ही राहता. त्या आवाजाने तुमचं डोकं उठलं. मावशींचं दार चार पावलांवर होतं, पण फोन हातातच होता, म्हणून तुम्ही तक्रार नोंदवलीत. खात्याने या वेळी माणूस पाठवायचा धोका पत्करला नाही. खालच्या खाली मावशींचं पाणीच तोडून टाकलं.

संध्याकाळी तुम्हाला फोन आला. "आपल्या तक्रारीचं समाधान झालं का?"

"हो, झालं की," तुम्ही म्हणालात. "आता तिकडून काहीच आवाज येत नाही."