लडकूचा सातवा महिना

ही गोष्ट लिहायचीच नाही असं ठरलं होतं. तिच्यात चूक डॉक्टर प्रणयची आहे, आणि तो भला माणूस आहे. पण आता त्यानंच ती अख्ख्या टोकावड्याला सांगून टाकलीय, तर लपवायची कोणासाठी?

प्रणयचा दवाखाना टोकावड्याच्या नाक्यावर. पेशंट बहुतेक डोंगरावरच्या ठाकरवाडीतले. यंदा त्यानं कागदी केसपेपर बंद करून कॉम्प्युटर घेतला. मोबाइल नंबर टाकला की पेशंटचं पान उघडतं. वाडीत रेंज येते ती फक्त लडकूच्या पडवीत, म्हणून ज्याला विचारावं तो लडकूचाच नंबर सांगायचा. आणि जे पान उघडेल त्यावर, नाव न बघता, प्रणय दोन बोटांनी लिहीत सुटायचा.

हा लडकू प्रणयच्या शाळेतल्या बाकावरचा. एका सोमवारी तो दवाखान्यात आला.

"फिटनेसचं सर्टिफिकेट दे रे. आसनगावला गोडाऊनमध्ये काम लागतंय, गोणी उचलायचं. साहेबानं आज चारला बोलावलाय. नाय गेलो तर दुसऱ्याला घेल."

प्रणयनं छाती तपासली, ऐटीत बटण दाबलं. कागद बाहेर आला. लडकूनं वाचला.

"मला साखर कवापास्नं रे?"

"साखर?"

"मोतीबिंदू पण हाय. आन् सातवा महिना."

प्रणयनं कागद ओढून घेतला. खाली कॉम्प्युटरनं आपणहून छापलं होतं, 'जड ओझं उचलू देऊ नये.'

"साखर तुमच्या वाडीतल्या कोंडूबाबाची," तो पुटपुटला. "सातवा रविनाचा."

"तरीच. 'पोटातल्या बाळाला जपा' असे तुझ्या दवाखान्याचे मेसेज मलाच येतात. मंग मी अंदाजानं घरोघर सांगत फिरतो, आज तुझी सुई, उद्या तुझी गोळी."

"मग बोललास का नाय?"

"मला वाटलं, तूच मला कामाला लावलंस."

पान काही खोडलं जाईना. मुरबाडमार्गे आसनगावला जाणारी एसटी बाराला. शेवटी प्रणयनं कपाटातलं जुनं पॅड काढलं, सर्टिफिकेट हातानं लिहिलं, शिक्का मारला. लडकूनं पळत एसटी गाठली. काम लागलं, तो तिकडंच राहिला.

पुढच्या बुधवारी, तपासणीच्या दिवशी, दवाखान्यात चिटपाखरू नव्हतं. दुपारी फोन वाजला, लडकूचा.

"डॉक्टर, मेसेज आलाय. सातव्या महिन्याची तपासणी आज."

"कोणीच आलं नाय रे."

"येतील कशी? फोन हितं माझ्या खिशात. मेसेज गोडाऊनमधी सगळ्यांनी वाचला, मला बसायला खुर्ची दिली. मी निघालो तवा रविनाचे पाय सुजलेले रे. तिला कोण सांगल?"

प्रणयनं कॉम्प्युटर बंद केला आणि पिशवी उचलली.

"मी निघालो. तू तिकडून मेसेज मला फोनवर वाचून दाखवत जा, दर बुधवारी वाडी मी चढतो. शब्द देतो, लडकू."