टिटवीचे शुद्ध वाक्य

एका जंगलात एक टिटवी राहत होती. मुलांनो, टिटवी म्हणजे नदीकाठच्या गोट्यांत अंडी घालणारा आणि उठल्यासुटल्या आरडाओरडा करणारा पक्षी. तुमच्या ओळखीत असे कोणी असेल तर मनात ठेवा, मोठ्याने नाव घेऊ नका.

या टिटवीला तीन पिल्ले होती. थोरला रफार, मधली वेलांटी आणि धाकटे टिंब. नावांवरून तुमच्या लक्षात आलेच असेल की टिटवीला व्याकरणाचे वेड होते. आता पुढच्या रांगेतला कोणीतरी हुशार मुलगा विचारेल की टिटवीची अंडी तर एकदमच उबतात, मग पिल्ले लहानमोठी कशी? त्याने गप्प बसावे. ही बोधकथा आहे.

जंगलात शाळा होती. ती बगळे गुरुजी चालवत. वर्ग भरला की ते एका पायावर उभे राहून डोळे मिटत आणि सुटला की उघडत. त्याबद्दल टिटवीची तक्रार नव्हती. पण रफारला शाळेत घालायला ती गेली तेव्हा तिने फाटकावरची पाटी वाचली. पाटीवर लिहिले होते, 'आदर्श विध्यामंदिर'. तो 'ध्या' पाहून टिटवीला घेरी आली. शुद्धीवर आल्यावर तिने ठरवले की मुलांना घरीच शिकवायचे.

टिटव्याला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, कोणी विचारले नाही. तो नदीच्या पल्याडचा. लग्नानंतर लगेचच तो एकदा "मी जेवून राहिलो" असे बोलून बसला होता आणि टिटवीने त्याला त्यावरून दुपारभर फैलावर घेतले होते. तेव्हापासून तो शक्यतो मानेनेच बोलत असे.

तर घरीच शाळा सुरू झाली, आणि पहिल्याच दिवशी टिटवीला कळले की तीन वयांच्या मुलांना एकाच गोट्यावर बसवून शिकवणे म्हणजे काय असते. टिंबाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर रफार देई. रफारला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कोणीच देत नसे. वेलांटीला कोणी काही विचारतच नसे, त्यामुळे ती नदीकडे बघत बसे. रफारला प्रयोग समजावायला घ्यावे तर टिंब झोपे. टिंबाला नाम समजावायला घ्यावे तर रफार जांभया देई, आणि टिटवीला त्या जांभयांचा राग येई.

शेवटी तिने युक्ती काढली. तिघांना एकच वाक्य द्यायचे, आणि त्यातून प्रत्येकाने आपापल्या कुवतीप्रमाणे काढायचे. टिंबाने कर्ता शोधायचा, वेलांटीने लिंग, वचन, विभक्ती सांगायची, आणि रफारने प्रयोग ओळखायचा. फक्त वाक्य असे हवे होते की ऐकून कोणाला झोप येणार नाही. 'गाय चारा खाते' यावर तिन्ही पिल्ले एकदम झोपली. 'मोर नाचतो' यावर टिटवाही झोपला.

तेव्हा टिटवीने एक वाक्य रचले: 'कोल्ह्याने टिटवीची पिल्ले खाल्ली.'

कोणी झोपले नाही. टिंब तर त्या रात्री आणि पुढच्या रात्रीही झोपले नाही. टिटवीला धन्य वाटले. त्या वाक्यात सगळे होते. रफारने ओळखले की हा कर्मणी प्रयोग, खाल्ले कोल्ह्याने, पण क्रियापद चालते पिल्लांप्रमाणे. म्हणजे पोटात गेल्यावरही वाक्यात पिल्लांचाच शब्द चालतो का, असे त्याने विचारले. टिटवी अभिमानाने हो म्हणाली.

टिंबाला तिने कर्ता शोधायची सोपी रीत शिकवली. क्रियापदाच्या धातूला 'णारा' लावायचा आणि 'कोण' म्हणून विचारायचे. टिंबाला ही रीत इतकी आवडली की ते दिवसभर तेच करत फिरू लागले. ओरडणारा कोण? आई. घोरणारा कोण? बाबा. बाबांनी मान हलवली.

आता कोल्ह्याकडे वळू. कोल्हा खरोखरच पिल्ले खायला निघाला होता. घाणेरीच्या झुडपाआडून तो पुढे सरकत होता. टिटव्याने त्याला पाहिले आणि कित्येक दिवसांनी चोच उघडली.

"अहो, कोल्हा येऊन राहिला," तो म्हणाला.

"येऊन राहिला नाही," टिटवी मागे न बघता म्हणाली. "कोल्हा येत आहे. म्हणा."

"कोल्हा येत आहे," टिटवा म्हणाला. तोवर तो आला होता.

पण कोल्ह्याने झडप घातली नाही. झुडपाआडून त्याने वाक्य ऐकले होते आणि त्याच्या भावना दुखावल्या होत्या. मुलांनो, पोटात भूक असतानाही भावना दुखावून घेता येतात. सराव लागतो. कोल्हा म्हणाला की आपण आजवर या घरातले एकही पिल्लू खाल्लेले नाही, आणि तरीही लहान मुलांसमोर आपली अशी बदनामी चालली आहे. आपल्याला दोनच गोष्टी मान्य आहेत. बाईंनी वाक्य मागे घ्यावे, नाहीतर खरे करून द्यावे.

त्याने हे इतक्या मोठ्याने सांगितले की सगळे जंगल जमले. दुसऱ्याच्या घरातले भांडण ऐकायला आपले जंगल कधीच उशीर करत नाही. माकडे झाडावर बसली, रानडुकरे पुढे बसली. बगळे गुरुजी दोन्ही पायांवर उभे राहिले, म्हणजे प्रकरण गंभीर होते.

गुरुजींनी मध्यस्थी केली. कोल्ह्याच्या जागी दुसरे कोणी घालावे, असे त्यांनी सुचवले. कोणीतरी 'वाघ' म्हणाले, तेव्हा सगळे मागे वळून बघू लागले. कोणीतरी 'गाय' म्हणाले, तेव्हा सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग कोणी काही सुचवले नाही.

टिटवी वाक्य मागे घ्यायला तयार नव्हती. वाक्य शुद्ध आहे, त्यात कानामात्रेचीही चूक नाही, आणि शुद्ध वाक्य मागे घ्यायची आमच्या घराण्यात पद्धत नाही, असे तिने ठणकावले.

"मग पिल्लं द्या," कोल्हा म्हणाला.

आता इथे मला सांगायला लाज वाटते, पण टिटवी क्षणभर विचारात पडली. क्षणभरच. मग तिच्या काळजाचे पाणी झाले आणि तिने तिन्ही पिल्ले पंखाखाली ओढली. वेलांटी आणि टिंब मावले. रफार मोठा झाला होता, त्याचे अर्धे अंग बाहेरच राहिले. ते बाहेरचे अर्धे अंग थरथरत होते आणि कोल्हा त्याच्याचकडे बघत होता.

घाबरलेला हुशार मुलगा फार धोकादायक असतो. रफारला एक तोडगा सुचला. आईचे वाक्यही राहील आणि कोल्हेकाकांचे नावही जाईल.

"कर्ता काढून टाकू," तो म्हणाला. "टिटवीची पिल्ले खाल्ली गेली. बस."

कोल्ह्याने ते वाक्य तोंडात घोळवले. पुढून म्हणून पाहिले, मागून म्हणून पाहिले. आपण त्यात कुठेच नाही हे पाहून त्याला गहिवरून आले. टिटवीला कुठेही काही अशुद्ध सापडले नाही. गुरुजींनी पंख वाजवले. माकडांनी फांद्या हलवल्या. तडजोड झाली.

मग कोल्हा ओठ चाटत म्हणाला की वाक्याबद्दल आता आपली काही हरकत नाही, तेव्हा ते लगेच खरे करायलाही कोणाची हरकत नसावी.

टिटवी किंचाळली की हा खून आहे. कोल्ह्याने शांतपणे विचारले, कोणी केलेला? सगळे बगळे गुरुजींकडे पाहू लागले. गुरुजींनी डोळे मिटून विचार केला आणि सांगितले की वाक्यात कर्ता नाही, त्यामुळे व्याकरणाच्या दृष्टीने कोणीच काही करणार नाही. कोणीच काही करणार नाही म्हटल्यावर बघण्यासारखे काही उरले नाही. रानडुकरे घरी जायला उठली.

कोल्हा पुढे आला. त्याने रफारचा बाहेर राहिलेला पंख दातांत धरला. अजून चावला नव्हता, चव बघत होता.

तेवढ्यात पंखाखालून टिंबाने डोके काढले. ते शूर होते असे समजू नका. त्याने नवे वाक्य ऐकले होते, त्यात त्याला कर्ता सापडत नव्हता, आणि कर्ता सापडला नाही तर आई जेवायला देत नसे. म्हणून त्याने रडत रडत, शिकवले होते तसेच विचारले.

"खाणारा कोण?"

आता कोल्ह्याची एक जुनी गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. तोही लहानपणी बगळे गुरुजींच्या शाळेत होता. मागच्या बाकावर बसे. इतक्या वर्षांत त्याला विचारलेल्या एकाही प्रश्नाचे उत्तर आले नव्हते. आज पहिल्यांदाच कोणीतरी असा प्रश्न विचारला होता ज्याचे उत्तर त्याला पक्के माहीत होते. त्याच्या तोंडातून रफारचा पंख सुटला. त्याचा पुढचा पाय आपोआप वर गेला.

"मी सांगू? मी सांगू, गुरुजी?" तो म्हणाला. "कोल्हा!"

सगळ्यांनी ऐकले होते. रानडुकरे परत बसली. आता काहीतरी होणार, असे मलाही वाटले होते.

"बरोबर," बगळे गुरुजी म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

मग जो जल्लोष झाला तो काय सांगू. शाळेच्या मागच्या बाकावरचा विद्यार्थी सर्वांसमोर अचूक उत्तर देतो, असे त्या जंगलात कधी घडले नव्हते. माकडांनी रानफुलांचा हार केला. रानडुकरांनी कोल्ह्याला पाठीवर घेतले. उत्तर काय आहे याचा विचार करायला कोणाला सवड नव्हती, ते बरोबर होते एवढे पुरे होते. मिरवणूक वाजतगाजत शाळेकडे गेली. कोल्हा सत्कारात इतका बुडाला की भूक विसरला.

नदीकाठी टिटव्यांचे कुटुंब तेवढे उरले. टिटवी रडली. रफारचा पंख तिने चोचीने पुन्हा पुन्हा चाचपून पाहिला. व्याकरणाचा एकही शब्द ती त्या दिवशी बोलली नाही, आणि घरात इतके बरे कोणालाच कधी वाटले नव्हते.

पुढे बगळे गुरुजी निवृत्त झाले. त्यांच्या जागी व्याकरणाला कोल्हे गुरुजी आले. त्यांनी आल्या आल्या फाटकावरची पाटी दुरुस्त केली, आणि पालक खूश झाले. वर्गातली पिल्ले हळूहळू कमी होत गेली. त्याची सूचना फाटकावर लागली: 'पटसंख्या घटली आहे.' कर्ता शोधायची टिंबाची रीत शाळेत कोणाला शिकवली नव्हती, त्यामुळे कोणी काही विचारले नाही.

टिटवीची तिन्ही पिल्ले मात्र आजही नदीकाठी आहेत, कारण ती शाळेच्या पटावर नाहीत.

परवा संध्याकाळी शाळेच्या बाजूने एका पिल्लाचा आवाज आला. "मला मदत करा! मला मदत करा!"

टिटवीने मान वर केली आणि कान देऊन ऐकले. मग तिचा चेहरा उजळला.

"ऐकलंत?" ती मुलांना म्हणाली. "'माझी मदत करा' म्हणालं नाही. 'मला मदत करा' म्हणालं. हल्ली शाळेत किती छान शिकवतात."

वेलांटी नदीकडे बघत होती. तिला कोणी काही विचारले नव्हते. तिने आपणहून विचारले.

"आई, कोणी असं म्हटलं की जायचं असतं का?"

"आधी वाक्य पुरं ऐकून घ्यायचं," टिटवी म्हणाली.

तिने पुन्हा कान दिला. वाक्य पुरे झाले नाही.

तात्पर्य: मुलांना व्याकरण लहानपणीच पक्के शिकवावे. पुढेमागे संकटात सापडून ती ओरडू लागली, तर निदान ऐकणाऱ्यांच्या कानांना त्रास होत नाही.