साहेबांपेक्षा कडक दांडा

हेडक्लार्कनं गोल्फ शिकायचं ठरवलं तेव्हा त्याच्या हातात पूर्वी आलेली सगळ्यात लांब वस्तू म्हणजे जळमटं काढायचा झाडू. तोही बायकोनं दोनदा सांगितल्यावर. पण कारण सबळ होतं. ऑफिसात डेप्युटीची खुर्ची रिकामी झाली होती. तळमजल्यावरची गार खोली, आणि फायली घेऊन जिने चढायला दुसरा माणूस. हेडक्लार्कपेक्षा त्याचे गुडघेच त्या खुर्चीकडे जास्त डोळे लावून बसले होते. आणि मोठे साहेब माणूस पारखायचे तो रविवारी सकाळी, मैदानावर. (कागद बघून पारखायचं ठरलं असतं तर निम्मं ऑफिस घरी बसलं असतं.) कॅशियर आधीच त्यांच्याबरोबर जायला लागला होता.

भाड्याच्या काठीनं दोन महिने हात साफ केल्यावर हेडक्लार्क स्वतःची काठी घ्यायला दुकानात गेला. दुकानदारानं त्याला जाळीसमोर उभं करून चेंडू मारायला लावला. यंत्रावर आकडा उमटला. दुकानदारानं आकड्याकडे बघितलं, मग हेडक्लार्ककडे, मग यंत्र बिघडलंय का तेही बघितलं.

"काका, तुमचा हात सावकाश फिरतो. दांडा लवचीक हवा. हा घ्या, 'ए' लिहिलेला."

"ए म्हणजे एक नंबर ना?"

"ए म्हणजे वडीलधाऱ्यांचा."

हेडक्लार्कचा चेहरा पडला. पन्नाशी ओलांडली म्हणून काय झालं?

"आमचे साहेब कोणता वापरतात?" साहेब त्याच दुकानाचे गिऱ्हाईक.

"एस. कडक असतो. त्यांचा हात जोरात फिरतो."

"आणि त्याहून कडक?"

"एक्स. पण तो पैलवानांचा. तुमच्या हातात तो वाकणारच नाही, आणि दांडा वाकला नाही तर चेंडू उडायचा कसा?"

हेडक्लार्कनं हट्टानं एक्सवाला मारून बघितला. चेंडू उजवीकडे सरपटत गेला आणि खांबाला टेकून थांबला. 'ए'वाला मारला, तर चेंडू सरळ जाळीच्या मधोमध. आता पुरावा समोर असताना भांडणार कुणाशी? त्यानं मुकाट्यानं 'ए' घेतला, पण घरी येईस्तोवर ते अक्षर त्याला कपाळावर गोंदल्यासारखं वाटत होतं.

बायको दुकानांच्या पाट्या रंगवायची. हेडक्लार्कनं काठी तिच्यासमोर आडवी ठेवली.

"हे अक्षर खरवडून टाक. तिथं एक्स काढ."

"का?"

"साहेबांचा एस आहे."

"मग एस काढते. बरोबरी तरी होईल."

"एक्सच काढ."

"अहो, अक्षर बदललं म्हणून हात बदलतो का?"

"हात कोण बघतंय? बघतात अक्षर."

"आयुष्यभर पाट्या रंगवतेय मी," बायको ब्रश धुता धुता म्हणाली, "पाटी बघून गिऱ्हाईक आत येतं. नंतर माल दाखवावा लागतो."

पण अक्षर मात्र तिनं असं काढलं की कारखान्यानंही मान खाली घालावी.

रविवारी कॅशियर आला तो मेव्हणीची काठी घेऊन. "बायकांची आहे, साहेब," त्यानं आल्याआल्या सांगून टाकलं. "मनगटात दम नाही आपल्या. खुर्चीत बसून आकडे तेवढे जमतात." साहेब मनापासून हसले. हेडक्लार्कला त्याची कीव आली. इतका बावळट माणूस खजिना सांभाळतो कसा?

मग हेडक्लार्कनं मारलं. चेंडू उंच, सरळ, हिरवळीच्या मधोमध. साहेबांनी भुवया उंचावल्या. जवळ येऊन काठी हातात घेतली आणि ते अक्षर वाचलं.

"एक्स? तुम्ही?"

"सवय आहे, साहेब," हेडक्लार्क नम्रपणे म्हणाला.

"बघू जरा."

साहेबांनी पाय रोवले आणि पैलवानी काठी आहे असं समजून अंगातला सगळा जोर लावला. मऊ दांडा वेताच्या छडीसारखा लवला आणि चेंडू डावीकडे वळून तळ्यात. साहेबांनी दुसरा मारला, आणखी जोरात. तोही तळ्यात. तिसऱ्याच्या वेळी तर बदकंच उठून गेली.

हेडक्लार्कनं तोंड उघडलं. 'साहेब, जोर कमी लावा, दांडा मऊ आहे', एवढंच म्हणायचं होतं. पण मग अक्षराचं काय सांगायचं? त्यानं तोंड मिटलं.

साहेबांनी काठी परत दिली. त्यांचा चेहरा उतरला होता. "आपल्याच्यानं नाही हा दांडा झेपत. वय झालं आमचं."

"छे, साहेब," कॅशियर म्हणाला, "माझ्याशेजारी उभे राहा, लगेच तरुण वाटाल."

सोमवारी साहेबांनी हेडक्लार्कला बोलावलं. कॅशियर डेप्युटीच्या खोलीत पडदे कोणते लावायचे ते बघत होता.

"मनगटात दम नसलेल्या माणसाला बसायचं काम दिलं," साहेब म्हणाले. "तुमच्यासारखा गडी खुर्चीत गंजेल. आजपासून गोदामं तुमच्याकडे, रोज स्वतः फिरून बघायची. पगारही वाढवतोय."

संध्याकाळी बायकोनं दार उघडलं. "काय झालं? वर चढवलं का?"

"चढवलं," हेडक्लार्क गुडघे धरून पायरीवरच बसला. "चार मजले. लिफ्ट नाही."