वीतभर अंतरावरची काडी

आमच्या लिंबाजीअण्णांना कुणी जयभीम घातला, की उलट जयभीम करायच्या आधी ते खिशातली काडेपेटी काढत. काडी पेटवून समोरच्याच्या तोंडापुढं वीतभर अंतरावर धरत आणि म्हणत, "फुका! व्हट मिटायचे न्हाईत. त्वांड उघडं ठिवून फुका."

ओठांचा चंबू करून कुणीही दिवा विझवतो. तोंड उघडं ठेवून नुसत्या छातीच्या जोरावर काडी विझवून बघा, म्हणजे कळेल. विझली तर 'पास'. नाही विझली तर 'नापास', आणि मग सुटका नसे. विडी कधीपासून ओढता, चुलीपुढं किती वेळ बसता, झोपताना उशा किती लागतात, सगळी उलटतपासणी व्हायची. एकदा त्यांनी भर मांडवात नवरदेवाला फुंकायला लावलं. नवरदेव नापास झाला. ते सोयरे अण्णांशी अजून बोलत नाहीत.

या खुळाचं मूळ अण्णांच्या लिव्हरमध्ये होतं. तरुणपणी त्यांना मोठी कावीळ झाली, पोटात पाणी झालं. सोलापूरच्या एका दवाखान्यात ते चार महिने पडून होते. लिव्हर कसंबसं सावरलं आणि घरी सोडायच्या वेळेला छातीनं दगा दिला. आत सूज आली, श्वास पुरेना. त्यातूनही ते उठले. तिथल्या डॉक्टरांनी निरोप देताना सांगितलं, "लिव्हर वाचलं, आता छाती सांभाळा." काडीची परीक्षाही त्यांचीच. अण्णांनी ते वाक्य इतक्या वेळा ऐकवलं होतं की आमच्या म्हशींनाही पाठ झालं असावं.

त्यात अण्णा दूध सोसायटीत दूध तपासायला. लॅक्टोमीटर बुडवायचा आणि पाणी घालणाऱ्याचं नाव चारचौघांत घ्यायचं, यात त्यांची हयात गेली. दुष्काळ पडला, म्हशी चारा छावणीला गेल्या, सोसायटीला कुलूप लागलं. तपासायला दूध उरलं नाही, तेव्हा त्यांनी सगळा जोर माणसांवर काढला.

बेंबळीच्या रस्त्यावर रोजगार हमीचं काम निघालं. अण्णा खडी फोडणाऱ्यांचे मुकादम झाले आणि मी हजेरी कारकून. हातोड्या चालू झाल्या की पांढरा धुरळा उठायचा आणि दुपारपर्यंत बायांच्या भुवया म्हाताऱ्या व्हायच्या. अण्णांनी नियम केला: सकाळी काडी फुंकायची, पास होईल तो खडीवर, नापास होईल तो लांब, माती वाहायला. त्यांना असला नियम करायचा अधिकार कुणी दिला होता, हे मला आजवर कळलेलं नाही. जीपमधून आलेल्या साहेबांपुढंही त्यांनी काडी धरली. ज्योत जरा वाकली आणि पुन्हा ताठ उभी राहिली. "नापास!" अण्णा सगळ्यांदेखत ओरडले. साहेब हसायला गेले आणि त्यांना खोकल्याची उबळ आली, म्हणून आम्ही दोघं कामावर राहिलो.

पुढं माझ्या आईची पाळी आली. आई दोन महिने खोकत होती. तिची काडी विझेना, आणि गुडघे गेलेले असल्यानं मातीची पाटी तिच्यानं उचलवत नव्हती. तिला खडीवर बसायचं, नाहीतर घरी. घरी बसली असती तर माझ्या एकट्याच्या कमाईवर पाच जणांची चूल पेटणार नव्हती.

"धुरळा जीव घील तुमचा, वैनी," अण्णा म्हणाले.

"आन् भूक काय पानसुपारी दील, भावजी?"

तीन दिवस हेच चाललं. हजेरीचा कागद हातात धरून मी मान खाली घालून उभा राहायचो. चौथ्या दिवशी अण्णांनी काडेपेटी काढलीच नाही. "बसा," एवढंच म्हणून दुसरीकडं बघू लागले. मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याची लाजही वाटली.

त्याच सुमारास अण्णांनी आंघोळ सोडली. कारण विचारलं, तर म्हणाले, "आंगुळीनं छातीत गारठा बसतो." भर वैशाखात! बाया त्यांना वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभं राहा म्हणायच्या. मीही टिंगल केली. एकटा माणूस, घरात सांगणारं कुणी नाही, म्हणून विक्षिप्तपणा वाढला, असं मी सगळ्यांना समजावून सांगत होतो.

मग तीन दिवस टँकर आला नाही. कामावरच्या पाण्याचं पिंप माझ्या ताब्यात होतं आणि ते तळाला गेलेलं. चौथ्या दिवशी सकाळी माती वाहणारी सुभद्रा आईच्या खडीपाशी वाकली आणि ओरडली, "वल्लं हाय! ह्ये गोणपाट वल्लं हाय!"

आई ज्या गोणपाटावर दगड फोडायची, ते चिंब भिजलेलं होतं. तिथं धुरळा उठतच नव्हता.

"आमच्या लेकरांच्या नरड्याला कोरड, आन् कारकुनाच्या आईला पिंपातलं पाणी?"

बघता बघता माणसं गोळा झाली. हातोड्या कुणी खाली ठेवल्या नव्हत्या. "काढा दोघांनाबी कामावरून," मागून कुणीतरी म्हणालं. आईनं माझा सदरा ओढला आणि हळूच विचारलं, "रोज तूच भिजवायलास न्हवं रं?"

मला ते सुचलंसुद्धा नव्हतं.

"पिंपाला कुणी हात लावला न्हाय," गर्दीतून वाट काढत अण्णा आले. "म्या माझ्या घागरीतलं वततोय. आंगुळीच्या वाटणीचं. तीन रोज पिण्यातलं वतलं."

कुणीतरी हसलं. सुभद्रा हसली नाही. अण्णांनीच तिला पहिल्या दिवशी मातीवर धाडलं होतं आणि पाट्या उचलून तिचं कंबरडं मोडलं होतं. "मला नापास केलंत, हिला बसवलंत," ती म्हणाली. "तुमी सोता कवा फुकली का काडी? आज फुका. समद्यांम्होरं."

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. अख्ख्या गावाला फुंकायला लावणाऱ्या या माणसाला स्वतः फुंकताना आम्ही कुणीच पाहिलं नव्हतं.

अण्णांनी काडी पेटवली. वीतभर अंतरावर धरली. तोंड उघडलं. गळ्याखालचे खळगे आत ओढले गेले, मानेच्या शिरा टरारल्या, आणि ज्योत हललीसुद्धा नाही. काडी बोटापर्यंत जळत आली. त्यांनी दुसरी पेटवली. त्यांचाच नियम होता. नापास माणसानं खडीपाशी थांबायचं नाही. सोसायटी गेली होती, आणि दिवसभर चार माणसं भेटायची ती याच ढिगाऱ्यांपाशी. दुसऱ्या काडीचीही ज्योत हलली नाही. मला तिकडं बघवेना.

आई गुडघ्यांवर हात देत उठली. लंगडत त्यांच्याशेजारी गेली, खांद्यावरून पुढं वाकली आणि ओठांचा चंबू करून फू केलं. काडी विझली.

"पास," आई म्हणाली.

सुभद्रेनं आपली पाटी उचलली. एकेक जण आपापल्या ढिगाकडं वळला.

अण्णा विझलेल्या काडीकडं बघत राहिले. श्वास जरा बसल्यावर पुटपुटले, "वैनी, तुमी व्हट मिटले."

"व्हय, मिटले," आई म्हणाली. "गप खाली बसा आता. उद्यापून गोणपाटावर आमच्याबी घागरीतलं पानी वतू, दोघात मिळून. आन् आंगुळ करा."

अण्णा खाली बसले. काडेपेटी त्यांनी आईच्या हातात दिली.