तात्यांचं ताट

आमच्या विक्रोळीतल्या दत्तमंदिराचे अध्यक्ष तात्या गावडे उष्टी ताटं वाचतात. रविवारी दुपारी महाप्रसाद आटोपला की मोरीपाशी बसून त्यांचं निदान सुरू होतं.

"परबीणीन भात तसोच ठेवल्यान. दाढ दुखता तिची."

आमच्याकडे प्रत्येकाचं ताट देवळातच असतं, काठावर नाव कोरलेलं. त्यामुळे कुणाचं काही लपत नाही. एकदा सुर्व्यांच्या घरातल्या चारही ताटांत आमटीचा थेंब उरला नव्हता. तात्या संध्याकाळी डबा घेऊन त्यांच्या दारात उभे. "उरला हा, वाया जायत. संपवा बाबांनो." सुर्व्यांची नोकरी गेल्याचं आम्हाला महिन्याभरानं कळलं.

"ताट खोटा बोलणा नाय," हे तात्यांचं आवडतं वाक्य. दुसरं, "आधी मोरी, मगे माईक." मंडळात कुठलंही पद हवं असेल त्यानं आधी वर्षभर दर रविवारी ताटं घासायची. कितीतरी भावी अध्यक्ष या मोरीतच वाहून गेले.

आता तात्यांचे गुडघे गेले आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. मी काही मागितलं नव्हतं. सहा दिवस कंपनीत राबायचं आणि सातव्या दिवशी पाठ टेकायची, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा. पण तात्यांना नाही म्हणायचं म्हणजे त्यांच्याशी अर्धा तास बोलावं लागतं, आणि तेवढी ताकद रविवारी माझ्यात नसते. म्हणून हो म्हणालो.

तात्या शेजारी स्टुलावर बसायचे. "रव्या, काय म्हणता ताट?"

"तेल म्हणतंय, तात्या. सुटत नाहीये."

"ह्या झाला घासणाऱ्याचा बोलणा. अध्यक्षाक काय दिसला?"

अध्यक्षाला दिसायचं की अजून तीस ताटं शिल्लक आहेत. भक्ती वगैरे माझ्या मनात नव्हती. पाठ होती.

त्यातल्या त्यात एक सुख होतं. दर रविवारी ढिगात एक ताट जवळजवळ स्वच्छच यायचं. नुसतं ओलं, तेलाचा डागही नाही. मी ते विसळून बाजूला ठेवायचो आणि त्या भल्या माणसाला मनातल्या मनात दुवा द्यायचो. चार रविवार दिला. काठावरचं नाव वाचायचे कष्ट घेतले नाहीत.

पाचव्या रविवारी वाचलं. तात्या गावडे.

हातातला काथ्या तसाच राहिला. तात्या आणि गावडेकाकू कायम सगळ्यांच्या मागून जेवायचे, मोरीशेजारच्या ओट्यावर, दोघंच. काकूंना जाऊन तीन महिने झाले होते. पंगतीत कुणी आग्रह केला की तात्या अजूनही म्हणायचे, "जेवा तुम्ही, मी मागसून जेवतंय." आणि मग कोरडं ताट पाण्याखाली धरून गुपचूप ढिगात सरकवून द्यायचे. आणि मी? एक ताट कमी झालं म्हणून खूश. मला स्वतःची फार लाज वाटली.

विचारायचं नसतं, हे तात्यांकडूनच शिकलो होतो. मी हात पुसले, त्यांचं आणि माझं अशी दोन ताटं वाढून ओट्यावर आणली.

"तात्या, मी अजून जेवलो नाही. एकट्याला घास जात नाही मला. बसा ना."

तात्यांनी ताटाकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"वाचलंस?"

"वाचलं."

ते हळूच ओट्यावर टेकले. पहिला घास घेतला. डोळे पंच्याला पुसून म्हणाले, "आमटीत मीठ कमी हा." मग दोनदा आमटी मागून घेतली.

नंतर मी पुन्हा मोरीवर बसलो. पाठ दुखतच होती. तात्यांचं ताट काठापर्यंत तेलकट झालं होतं. ते मी सगळ्यात शेवटी घासायला घेतलं.

स्टुलावरून तात्यांनी विचारलं, "रव्या, काय म्हणता ताट?"

"पुढच्या रविवारी पण दोघं जेवू म्हणतंय," मी म्हटलं.