गाण्याला ताप आलाय

गद्रेकाका कुणाच्याही घरी गेले की आधी चपला काढतात, मग थेट स्पीकरवर तळहात ठेवतात. डॉक्टरने पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. क्षणभर डोळे मिटतात, आणि मग निदान: "ताप आलाय गाण्याला!"

आम्ही नौपाड्यात एकाच मजल्यावर राहतो, त्यामुळे हे निदान माझ्या नशिबी रोजचंच. गावोगाव फिरून लोकगीतं टेपवर घ्यायची, यात काकांचा जन्म गेला. हल्लीच्या गाण्यांवर त्यांचा एकच राग: हळू म्हणून काही उरलंच नाही. कुजबुज आणि किंकाळी एकाच आवाजात. "अरे, सगळं दाबून दाबून वर आणतात! डोंगर नाही, दरी नाही, नुसता सपाट रस्ता. तोही काँक्रीटचा!" माझ्या मुलीच्या बारशाला त्यांनी स्पीकरला इतकी नावं ठेवली, की मुलीचं राहतंय की काय असं झालं.

गेल्या थंडीत कोपरीहून हिराबाईंचा निरोप आला. हिराबाई म्हणजे तिथल्या कोळीवाड्यातली धवलारीण. हळदीला धवला गाऊन देवांना मांडवात बोलवायचं, हा तिचा मान. पण घशाच्या ऑपरेशननंतर आवाज गेलेला, नुसती घरघर उरलेली, आणि सख्ख्या नातवाची हळद तोंडावर आलेली. "धवल्याबिगर हळद लागली त देव भायेरच उबे रातील," म्हणून म्हातारी जेवेना. तिचं जुनं गाणं जगात एकाच माणसाकडे होतं, ते म्हणजे आमचे काका.

काकांनी टेप कॉम्प्युटरवर उतरवून हळदीला ठरलेल्या डीजे भावेशला पाठवला. दोन दिवसांनी त्याने "जरा पॉवरफुल करून" परत पाठवला. काकांनी माझ्या स्पीकरवर हात ठेवला आणि उडालेच.

"गाढवाने देव आणि गाववाले एका पंगतीत बसवले!"

"म्हणजे?"

"हिराबाई देवांना हळू बोलावते. देव जवळच असतात, त्यांच्यावर ओरडायचं कशाला? गाववाल्यांना मात्र खणखणीत हाक. या शहाण्याने दोघांवर सारखंच ओरडायला लावलंय तिला! हळदीला मीच जाणार. तूही चल."

हळदीच्या मांडवात भावेश काकुळतीला आला. "काका, पब्लिक आहे. इतकं हळू लावलं तर सिस्टीम बंद पडली बोलतील. शिव्या मला पडणार."

"माझं नाव सांग," म्हणून काका मशीनशेजारी ठाण मांडून बसले. एक हात आवाजाच्या बटणावर, दुसरा स्पीकरवर.

मूळ टेप लागला. जवळजवळ काहीच ऐकू येईना. "ए, आवाज वाढव!" मागून ओरडा झाला. "सिस्टीम गेली काय रे?" भावेशने हात पुढे केला, काकांनी त्यावर चापट मारली. मी तर शरमेने अर्धा झालो.

तेवढ्यात हिराबाई खुर्चीतून उठली. घरघरत्या घशाने म्हणाली, "गप रावा रं. देवांना बोलवतंय मी."

पुढच्यांनी मागच्यांना गप्प केलं. कुणीतरी पंखे बंद केले. अख्खा मांडव पुढे झुकून ऐकायला लागला. एकेका देवाचं नाव आलं, अगदी कानात सांगितल्यासारखं. आणि मग गाववाल्यांना घातलेली ती साद! मांडव दणाणला हो! बायकांनी सूर उचलला, नवरदेव हळदीच्या तोंडाने ढसाढसा रडायला लागला, आणि हिराबाई उभ्याउभ्या ओठ हलवत होती, राणीसारखी.

भावेशने कान पकडले. "काका, एवढा आवाज कधी वाढवला तुम्ही?"

"बटण जराही फिरवलेलं नाही," काका मिशीत हसले. जग जिंकलेला माणूस मी त्या दिवशी बघितला.

परतताना रिक्षात त्यांनी विचारलं, "देवांच्या नावांमध्ये ती श्वास घेते. ऐकू आला?"

"आला की."

"सगळ्यांना आला असेल ना?"

"काका, तुम्ही स्पीकरला चिकटून बसला होतात. मला काय विचारताय?"

त्यांनी तळहात उघडून बघितला. "हळू काही ऐकूच येत नाही रे मला. चार वर्षं झाली. हातालाही ते लागत नाही. आज तुमची तोंडं बघत होतो, तेव्हा कळलं, तिचा श्वास आहे अजून जागच्या जागी."

मी त्यांच्या कानाशी ओरडलो, "काका, श्वास न् श्वास ऐकू आला!"

"हळू बोल," काकांनी माझ्या कपाळावर हात ठेवला. "ताप येईल."